सोबतीची बाई

रंगपंचमीच्या सकाळी मी म्हटलं, "यंदा खण द्यायला मी जाते." आत्या चकल्या तळत होती. तिनं हातातला झारा तसाच कढईत सोडला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोटुशी बाई त्या घरी जात नसते."

माझे वडील, दादा, ओसरीवर मुरगळलेला पाय उशीवर ठेवून बसले होते. एरवी ते थोरल्या बहिणीच्या शब्दाबाहेर जात नसत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "जाऊ दे तिला, आक्का." आत्यानं झारा उचलला. चकल्यांचा तो घाणा करपला.

माझा जन्म रंगपंचमीचा. माझी आई गेली तीही त्याच दिवशी, माझ्यामागोमाग घटकाभरात. मला वाढवलं द्वारकाआत्यानं. विसाव्या वर्षी कपाळ पुसून ती माहेरी आली ती कायमची. माझ्या वेण्या, माझ्या कांजिण्या, एम.ए.च्या परीक्षेला निघताना डोळे मिटून पुटपुटलेलं रामरक्षेचं कवच, सगळं तिचंच. माझी आई अंजिरा सुइणीच्या हातानं गेली, हेही तिनंच सांगितलेलं. एकदाच सांगितलं, पण असं सांगितलं की पुन्हा विचारायची सोय राहू नये.

आणि जिच्या हातानं बायको गेली, त्याच अंजिरेला दादा दरवर्षी माझ्या वाढदिवशी हिरवा खण आणि नारळ नेऊन देत. आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर, हिशेबी बोलणारे, देवळातसुद्धा कारणाशिवाय न जाणारे. मी लहानपणी विचारलं की म्हणत, "तुझी नाळ तिनं कापली. तिचा मान आहे." त्या दिवशी आत्या त्यांच्याशी बोलत नसे. एकाच घरात एकाच बाईला एक जण शाप देतो आणि एक जण खण देतो, आणि दोघंही मला जिवापाड जपतात. सव्वीस वर्षं झाली तरी मला याचा मेळ लागत नव्हता.

त्या वर्षी तो लागणं गरजेचं होऊन बसलं. मला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण म्हणून नाशिकहून माहेरी आले होते. पोटावर हात ठेवला की एकच विचार येई: आईचं जे झालं ते माझं झालं तर? आणि आईचं नेमकं काय झालं होतं? मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. कशाची भीती धरायची तेही ठाऊक नसलं की ती जरा जास्तच वाटते.

शिवाय माझ्या पर्समध्ये बेहेरेसरांचं कार्ड होतं.

बेहेरेसर आमचे कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक खूळ घेतलं होतं. इंग्रजी जोडशब्दांची कुळकथा मराठी मुलांसाठी लिहायची. शब्दाचे दोन तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं घराणं शोधायचं, आणि एका जाड कार्डावर उतरवायचं. इथवर कोणीही करील. पण सरांच्या कार्डावर शेवटी एक चौकट असे, 'पडताळा'. ज्याचं ते काम, त्याला तो मजकूर वाचून दाखवायचा, तो काय म्हणतो ते लिहायचं आणि खाली त्याचं नाव. त्याशिवाय कार्ड पेटीत जात नसे. 'ब्लॅकस्मिथ' त्यांनी लोहाराला वाचून दाखवला. 'कपबोर्ड' म्हणजे मुळात पेले मांडायची नुसती उघडी फळी, हे ऐकून आमच्या कॉलेजजवळचा सुतार म्हणाला होता, "मग दार कधी लागलं?" सरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटले.

आम्ही जुने विद्यार्थी ही कार्डं वाटून घेत असू. त्या महिन्यात टपालानं मला एकच कार्ड आलं, 'मिडवाइफ'. सोबत चिठ्ठी: 'पडताळा तुमच्या गावी होईल. खेड्यात सुईण असणारच.' सरांना माझ्या आईबद्दल काही माहीत नव्हतं. मी ते कार्ड परत पाठवणार होते. नाही पाठवलं. खणाबरोबर तेही घेऊन निघाले.

अंजिराबाईचं घर वेशीबाहेरच्या वस्तीत. मी त्या बाजूला कधी गेले नव्हते. ती दारात बसून शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधत होती. सत्तरीची असेल. मी समोर उभी राहिले तेव्हा तिनं आधी पोटाकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"मास्तरांची कुमुद," ती म्हणाली. "आठवा सरत आला न्हवं? सावलीला बसा."

तिनं माझ्यासाठी घोंगडी अंथरली आणि स्वतः चार हात लांब सरकून बसली. मी खण आणि नारळ तिच्या ओटीत घातला. दादांचा पाय कसा मुरगळला, ते सांगितलं. माझ्या डोक्यात तिच्या हातांशिवाय दुसरं काही नव्हतं. मी ते हात बघत होते. सुरकुतलेले, शिंदीच्या पात्यांनी चिरलेले, कामाचे हात. यांचा राग धरायचा तर तो यावा लागतो, आणि येईना.

काही सुचेना म्हणून मी कार्ड काढलं. सांगितलं की आमचे एक सर आहेत, ते शब्दांचं मूळ शोधतात, इंग्रजीत सुइणीला एक शब्द आहे, तो बरोबर आहे का तेवढं तुम्ही सांगायचं. तिला हसू आलं. म्हणाली, साहेबाच्या बोलीतलं तिला काय कळणार. मी म्हटलं, कळेल, आणि वाचायला लागले. हा शब्द दोन शब्द जोडून झाला. पहिल्या 'मिड'ला लोक मधला समजतात, पण तो तसा नाही. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'सोबत'. जर्मन भाषेत तो त्या अर्थानं अजून जिवंत आहे. दुसरा 'वाइफ' म्हणजे तेव्हा बायको नव्हे, नुसती बाई. तेव्हा मिडवाइफ म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई. त्या लोकांनी या कामाला नाव देताना नाळ धरली नाही की बाळ धरलं नाही, सोबत धरली.

अंजिराबाईचे हात थांबले.

"परत वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "खरं हाय. पर खाली माझं नाव लिहू नका."

मी विचारलं, का. तिनं शिंदीचं एक पातं बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणी इचारलं असतं तर लिवा म्हणले असते. लई घरांत व्हते मी सोबत. तुमच्या घरात न्हवते."

मला वाटलं, म्हातारी विसरली. मी म्हटलं, पण माझी नाळ तर तुम्हीच कापली.

"नाळच कापली," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तेव्हा आमच्यासारख्या घरांत तिला बाळंतिणीच्या खोलीत घेत नसत. आत घरच्या बायका. नाळ कापणं, वार पुरणं, खोली सारवणं हे विटाळाचं काम, तेवढ्यापुरतं तिला बोलवायचं. बाळ झालं की त्याच्यामागून वार पडते आणि ती पडल्यावरच नाळ कापायची, अशी रीत. म्हणून वार पडेपर्यंत तिनं परसात, पेरूखाली बसायचं. आत माझी आई आणि आत्या. मी झाले, माझं रडणं तिनं ऐकलं. आता हाक येईल म्हणून ती उठून उभी राहिली.

"हाक आली न्हाई," ती म्हणाली. "वार पडली की बोलवायचं, असं ठरल्यालं. ती पडंचना. आन् वार पडंना म्हणून मला बोलवंनात. बाईचा आवाज बारीक व्हत गेला तसं मला कळलं, रगत चाललंय. म्या दारातनं दोनदा म्हणलं, आक्काबाई, मला आत घ्या. आतनं म्हणल्या, अजून न्हाई, थांब."

मी विचारलं, वार अडकली तर काय करतात ते तुम्हाला येत होतं का. ती म्हणाली, त्याच्या आधीच्या वर्षी दोघींची सोडवली होती, दोघी अजून शेतावर जातात. हे तिनं बढाईनं सांगितलं नाही.

मला पुढचा प्रश्न विचारवत नव्हता, तरी विचारला. दादा कुठं होते?

"माझ्याम्होरंच. हिरीपाशी. एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. बोलले न्हाईत."

दरवर्षीचा तो हिरवा खण माझ्यासमोर तिच्या ओटीत पडला होता. माझ्या वाढदिवशी दादा कशासाठी इतकं चालत येत होते, ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. शेवटी हाक आली तेव्हा आई गार पडली होती. अंजिरेनं आत जाऊन नाळ कापली. बाहेर आली तेव्हा हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले, आणि गोळा झालेल्या बायकांनी तेवढेच हात पाहिले.

मी उठले. मला आत्याचा भयंकर राग आला होता. तिला जाऊन काय काय विचारायचं ते मी मनात जुळवायला लागले होते. अंजिराबाईनं ते ओळखलं असावं.

"आक्काबाईस्नी काय इचारू नका," ती म्हणाली. "म्या आत गेले तवा त्या तुमच्या आईचा हात धरून बसल्या व्हत्या. सोडंनात. एकेक बोट मला उकलावं लागलं. सोबत म्हणाल, तर त्याच व्हत्या. नाव लिवायचं तर त्यांचं लिवा."

परतीच्या वाटेवर पोरं रंग घेऊन फिरत होती. माझं पोट बघून त्यांनी वाट सोडली. मी कार्ड हातात धरून चालले होते आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. येताना मला दोषी एक मिळणार होती. आता तीन होते, आणि त्यातला एकही मला टाकता येत नव्हता. जिला काम येत होतं ती बाहेर. जी सोबत होती तिला काम येत नव्हतं. आणि ज्याला तोंड होतं तो बोलला नाही.

दादा ओसरीवर वाट बघत होते. मी म्हटलं, "तुम्ही परसात होतात."

त्यांनी चष्मा काढला. "होतो," म्हणाले. चष्मा पुसायलासुद्धा त्यांनी घेतला नाही, नुसता हातात धरून बसले.

आत आत्यानं माझं ताट वाढून ठेवलं होतं. वर ताजी चकली. मी जेवायला बसले. मला तिच्यावर ओरडायचं होतं, आणि भाकरी तिच्या हातची होती, मऊ, माझ्यासाठी कडा काढून टाकलेली. मी लहान असताना कडा खात नसे, तेव्हापासूनची सवय. मला रडू आलं. आत्यानं विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी कार्ड घेतलं आणि तिला वाचून दाखवलं, जसं अंजिरेला दाखवलं होतं तसंच. मिड म्हणजे सोबत. वाइफ म्हणजे बाई. मी वर पाहिलं नाही. वाचून झालं. आत्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "सोबत असून काय होतं, कुमुद."

पुढं तीन आठवडे तिनं माझं सगळं केलं, तेल, पाणी, पथ्य, आणि कामापुरतंच बोलली. मीही तशीच. मी रागावले होते की नाही, मला धड सांगता येत नसे. सकाळी वाटे, हिचं तोंड बघू नये. दुपारी ती पाय चेपायला बसली की वाटे, हिनं उठू नये. दादांनी बाळंतपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात करायचं ठरवलं होतं आणि आत्यानं नको म्हटलं नव्हतं. तिथं एकच बाई सोबत ठेवतात, हे दादा विचारून आले होते. ती बाई आत्या असणार, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं होतं कोण? तेच हात, तशीच खोली, आणि पुन्हा "अजून न्हाई, थांब."

चैत्रातल्या एका सकाळी, न्याहारी उरकल्यावर, माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. दादांनी सोसायटीची जीप आणली. आत्यानं पिशवी घेतली, देवाला हळदकुंकू वाहिलं, माझ्या शेजारी बसली. वेशीबाहेर आल्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली, "थांबव."

दादांना वाटलं, काही विसरलं. आत्या खाली उतरली, पदर डोक्यावरून घेतला आणि वस्तीकडं चालायला लागली. सोवळ्यात जन्म घालवलेली बाई, जिनं त्या वाटेनं येणारा वारासुद्धा अंगावर घेतला नसता, ती उन्हात एकटी चालत गेली. आम्ही जीपमधून बघत होतो. दादांनी दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं. माझी कळ आली, गेली, पुन्हा आली. मग त्या दोघी येताना दिसल्या, आत्या पुढं, अंजिराबाई मागं. जीपपाशी आल्यावर अंजिराबाई मागं पायाशी बसायला गेली. आत्या म्हणाली, "तिथं नाही. तिच्याजवळ बस." आणि स्वतः पुढं दादांच्या शेजारी जाऊन बसली.

दवाखान्यात नर्सनं वही उघडली. माझं नाव, गाव, वय लिहिलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला.

"सोबत कोण?"

मी काही बोलायच्या आधी आत्या म्हणाली, "ही."

नर्सनं अंजिराबाईकडं पाहिलं, मग आत्याकडं, मग विचारलं, "या कोण लागतात पेशंटच्या?"

अंजिराबाई खाली बघत होती. मला कळ आली आणि मी अंजिराबाईचा हात धरला. आत्यानं ते पाहिलं. "लिहा काहीतरी," ती नर्सला म्हणाली, "पण हिला आत घ्या. आधी घ्या. सगळं होईपर्यंत बाहेर काढू नका."

आतलं मला तुटक आठवतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज, पंख्याची घरघर, आणि माझ्या डोक्याशी अंजिराबाई. दवाखान्यात तिला काही करू देणार नव्हतेच. तिनं काही केलंही नाही. माझे हात धरले आणि दर कळेला कानाशी म्हणत राहिली, "हाय मी. हाय मी हितं." एकदा मी विचारलं, आत्या कुठंय. ती म्हणाली, बाहेर हाय, मागल्या अंगाला. बाहेर बाक रिकामा असताना आत्या दवाखान्यामागं, मोरीजवळच्या कडुलिंबाखाली जमिनीवर बसून होती. दादा दोनदा तिला बोलवायला गेले, पण ती उठली नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी सव्वापाचला मुलगी झाली. ती रडली. माझं लक्ष तिच्याकडं नव्हतं. मी अंजिराबाईच्या तोंडाकडं बघत होते, आणि अंजिराबाई डॉक्टरीणबाईंच्या हातांकडं. मिनिटं किती गेली, मला माहीत नाही. मग तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला.

माझी मुलगी आता चाळिशीची आहे. ते कार्ड अजून माझ्याकडं आहे, त्याची शेवटची चौकट कोरी. सर गेले तरी मला त्यात एक नाव लिहिता आलं नाही. आईचं कोणामुळं काय झालं, हे आजही मला कोणी विचारलं तर मी गोंधळते, आणि एक उत्तर दिलं की दुसरं खोटं पडल्यासारखं वाटतं. मला पक्कं ठाऊक आहे ते एवढंच की त्या दिवशी अंजिराबाई माझे हात सोडवून उठली, खोलीच्या मागच्या खिडकीपाशी गेली, आणि बाहेर कडुलिंबाखाली बसलेल्या म्हातारीला तिनं हाक मारली.

"आक्काबाई," ती म्हणाली, "वार पडली. या आता आत."